काईला आठवले फक्त पाढे

शब्बाथ शाळेत मी बारा वर्षं लहान मुलांना गोष्टी सांगते आहे. नाताळ जवळ आला की हान्स ख्रिश्चन अँडरसनची ‘हिमराणी’ ठरलेली. डेन्मार्कमध्ये ही परीकथा १८४४च्या डिसेंबरात, नाताळच्या तोंडावरच छापून आली होती.

सैतानाने एक आरसा केलेला असतो. चांगलं ते त्यात आकसून नाहीसं होतं, वाईट तेवढं ठळक दिसतं. देवदूतांची टर उडवायला त्याचे चेले तो आरसा घेऊन वर उडतात. तिथे तो हातातून निसटतो आणि फुटतो. त्याचा एक कण काई नावाच्या मुलाच्या डोळ्यात जातो, एक काळजात. मग काई आजीच्या नकला करतो, मैत्रिणीला, गेर्डाला, रडवतो, दोघांचे लाडके गुलाब ओरबाडतो. पापाची व्याख्या घोकून जे कळत नाही ते इथे कळतं. गोष्ट ऐकता ऐकता कुणीतरी डोळा चोळतंच.

हिमराणीच्या गाडीला बांधलेली काईची घसरगाडी सुसाट निघते. तो घाबरतो, प्रभूची प्रार्थना म्हणायला जातो आणि आठवतात फक्त पाढे. इथे मी थांबते, पुढे जायची घाई करत नाही. मुलांसाठीच्या कितीतरी रंगीत पुस्तकांत मला ही जागा गाळलेली दिसली. गेर्डाची प्रार्थनाही गाळतात. थंडीत तिच्या श्वासाची वाफ होते आणि त्या वाफेतून देवदूत उभे राहतात, तो प्रसंग. एवढं काढल्यावर उरते ती नुसती बर्फातली सफर. याचं मला मनापासून वाईट वाटतं.

अँडरसनची दुसरी एक गोष्ट गरिबीची आहे, आणि गरिबी त्याने घरीच पाहिली होती. त्याचे वडील चांभारकाम करत, आई लोकांचे कपडे धुवायची. लहानपणी तिला भीक मागायला पाठवलं होतं. १८४५ची ‘काडेपेट्या विकणारी मुलगी’ लिहिताना ती आठवण त्याच्या मनात असावी. ती गोष्ट मी मोठ्या मुलांनाच सांगते. रस्त्यावर गारठून मेलेली ती मुलगी देवाघरी गेली, एवढं म्हणून त्यांना सुटका करून घेऊ देत नाही. त्या रस्त्यावरून कोण कोण गेलं, हे आधी विचारते.

गेल्या वर्षी ‘हिमराणी’ ऐकताना दुसरीतल्या एका मुलीने विचारलं, “बाई, काईने देवाला पाढेच म्हणून दाखवले असते तर?”

“ऐकले असते,” मी म्हटलं. “घाबरलेल्या लेकराचं तो काहीही ऐकतो.”

तिने डोळे मिटले, हात जोडले आणि बेचा पाढा सुरू केला. वर्गात कुणी हसलं नाही. बे दाही वीस झाल्यावर ती हळूच म्हणाली, “आमेन.”