कासव कूल, पण टाकीचं काय?

फ्लॅट छोटा, नोकरी दहा तासांची आणि सोसायटीत कुत्रा चालत नाही. मग कासव! भुंकत नाही, केस गळत नाहीत, फिरवायला न्यावं लागत नाही. डोळ्यामागे लाल पट्टा असलेलं अमेरिकन 'रेड-इअर्ड स्लायडर' म्हणूनच अनेक घरांत दिसतं. (आपलं चांदणी कासव मात्र नको. ते पाळणं गुन्हा आहे.)

गोम अशी की ठणठणीत कासवाच्या पोटातही साल्मोनेलाचे जंतू असू शकतात. विष्ठेतून ते पाण्यात येतात आणि पाण्यातून आपल्या हातावर. मग ताप, जुलाब, पोटात कळा. पाच वर्षांखालच्या मुलांना हा आजार गंभीर होऊ शकतो. म्हणूनच १९७५ मध्ये अमेरिकेने चार इंचांहून लहान कासवांच्या विक्रीवर बंदी आणली.

पेणच्या अलीकडे, जिते गावात राहणाऱ्या माझ्या मैत्रिणीकडे असंच एक कासव आहे. घरात दोन वर्षांची भाची. टाकी धुतली जायची किचनच्या सिंकमध्ये, तीही फिनेलने. दोन्ही गोष्टी बाद! सिंकमधून जंतू थेट ताटात येतात आणि फिनेलसारखी द्रव्यं सरपटणाऱ्या प्राण्यांना विषारी ठरतात.

मग करायचं काय? विष्ठा आणि उरलेलं खाणं रोज काढा. मोठ्या सफाईला कासव वेगळ्या टबात ठेवा. टाकी बाथरूममध्ये न्या, हातमोजे घाला. आधी साबण आणि गरम पाण्याने घासा, कारण मळावर ब्लीचचा जोर चालत नाही. मग एक भाग साधं ब्लीच, नऊ भाग पाणी. दहा मिनिटं ठेवा, खिडकी उघडी हवी. त्यात ॲसिड किंवा टॉयलेट क्लीनर अजिबात मिसळू नका, विषारी वायू होतो. वास पूर्ण जाईपर्यंत धुवा आणि खडखडीत वाळवा. जुलैत जित्याला ऊन कुठलं? पंखा लावा! शेवटी बाथरूमही धुवा. टाकीचा ब्रश आणि बादली वेगळीच ठेवा.

कंटाळा आला म्हणून कासव तळ्यात सोडू नका, ते तिथल्या देशी कासवांच्या मुळावर येतं. आणि त्याला हात लावलात की साबणाने हात धुवा. भाचीचा पापा त्यानंतर!