अली श्रेष्ठ की मार्सियानो?

२० जानेवारी १९७० रोजी अमेरिकेतील अनेक चित्रपटगृहांत मुष्टियुद्धाचा एक विलक्षण सामना दाखवण्यात आला. एका बाजूला होता रॉकी मार्सियानो. ४९ पैकी ४९ सामने जिंकून तो १९५६ साली निवृत्त झाला होता. दुसऱ्या बाजूला होता मुहम्मद अली, १९६४ सालचा हेवीवेट जगज्जेता आणि तोवर तोही अपराजित. तेराव्या फेरीत मार्सियानोने अलीला गारद केले आणि सामना संपला.

गंमत अशी, की हा सामना मुळात झालाच नव्हता! मरे वोरोनर नावाच्या निर्मात्याने दोघांच्या गुणदोषांची माहिती ‘एनसीआर ३१५’ या संगणकाला पुरवली. संगणकाने ‘निकाल’ दिला. चित्रीकरण मात्र १९६९ सालीच उरकले होते. ४५ वर्षांच्या मार्सियानोने त्यासाठी वजन उतरवले आणि डोक्यावर केसांचा टोप चढवला. सामन्याचे एकाहून अधिक शेवट चित्रित करून ठेवले होते. त्यांतला कोणता वापरणार, हे दोघांनाही ठाऊक नव्हते. निकाल लोकांसमोर आला तेव्हा मार्सियानो या जगात नव्हता. ३१ ऑगस्ट १९६९ रोजी विमान अपघातात त्याचे निधन झाले होते.

संगणकाने सांगितले म्हणजे ते खरेच असणार, असे त्या काळी पुष्कळांना वाटे. पण संगणकाला माहिती कोणी दिली? माणसांनीच. कोणाचा वेग किती, कोणाच्या ठोशात जोर किती, याचे आकडे जाणकारांच्या मतांवरून ठरवलेले होते. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार?

मग वेगवेगळ्या काळांतील खेळाडूंची तुलना करताच येत नाही का? उत्तर शोधताना मोजमाप म्हणजे काय, या मूलभूत प्रश्नाशी आपण येऊन पोहोचतो. म्हणूनच हा विषय वर्गात घेण्याजोगा आहे असे आम्हांला वाटते.

घड्याळाची साक्ष

बर्लिनमध्ये १९३६ साली जेसी ओवेन्सने १०० मीटर अंतर १०.३ सेकंदांत कापले. त्याच शहरात २००९ साली उसेन बोल्टने ते ९.५८ सेकंदांत कापले. धावपट्टी बदलली, बूट बदलले, त्याचा हिशेब करावा लागेल. पण सेकंद तोच आहे. दोघांच्या कामगिरीला बाहेरची एक समान मोजपट्टी आहे.

मुष्टियुद्धाला अशी मोजपट्टी नाही. तिथे मोजपट्टी म्हणजे समोरचा प्रतिस्पर्धी. तो बदलला की मापच बदलले. पहिल्या प्रकारच्या मापनाला आपण निरपेक्ष म्हणू, दुसऱ्याला सापेक्ष. आपल्या प्रश्नाची सारी अडचण या ‘सापेक्ष’ शब्दात आहे.

वजन तर मोजता येते, असे कोणी म्हणेल. मार्सियानोचे लढतीतले वजन ८५ किलोच्या आसपास असे. आज बहुतेक संघटनांच्या नियमांनुसार हेवीवेट गट सुमारे ९०.७ किलोंच्या पुढे सुरू होतो. म्हणजे तो आज खालच्या गटात गेला असता! पण निव्वळ वजनावर निकाल ठरत नाही. १९१९ साली जॅक डेम्प्सीने आपल्याहून २५ किलोंनी भारी असलेल्या जेस विलार्डला हरवले. २०२४ साली ओलेक्सांद्र उसिकने १५ किलोंहून अधिक भारी असलेल्या टायसन फ्यूरीवर गुणांनी मात केली.

साखळी कुठे तुटते?

आता एक सरळ वाटणारी युक्ती पाहू. अ ने ब ला हरवले, ब ने क ला हरवले. तर अ हा क पेक्षा श्रेष्ठ. उंचीच्या बाबतीत हे नेहमी खरे ठरते. गणितात अशा संबंधाला संक्रमक संबंध म्हणतात. ‘हरवणे’ हा संबंध संक्रमक आहे का?

१९७१ साली जो फ्रेझियरने अलीला हरवले. १९७३ साली जॉर्ज फोरमनने फ्रेझियरला दुसऱ्याच फेरीत गारद केले. या हिशेबाने फोरमनपुढे अलीचा निभाव लागायलाच नको होता. पण १९७४ साली किन्शासा येथे अलीने आठव्या फेरीत फोरमनला लोळवले. साखळी सरळ न जाता तिचे वर्तुळ झाले. कागद, कात्री, दगड या खेळात होते तसेच! याचे कारण शैलीत आहे. फ्रेझियर वाकून, अंगावर धावून जात लढे; फोरमनच्या खालून येणाऱ्या जोरदार ठोशांना तो आयताच सापडला. अलीने मात्र दोरांना रेलून फोरमनला ठोसे मारू दिले आणि तो दमल्यावर हल्ला चढवला. कौशल्य हा एकच आकडा नसतो. त्याला अनेक बाजू असतात.

दोन काळांना जोडणारे सामने खरोखर झालेले आहेतच, मग त्यांवरून निष्कर्ष का काढू नये? चला, तेही पाहू. १९५१ साली मार्सियानोने जो लुईला हरवले. तेव्हा लुई ३७ वर्षांचा होता, मार्सियानो २८ चा. १९८० साली लॅरी होम्सने अलीला हरवले. अली ३८, होम्स ३०. १९८८ साली माइक टायसनने होम्सला हरवले. होम्स ३८, टायसन २१. तिन्ही ओळी पुन्हा वाचा. प्रत्येक वेळी जुन्या काळाचा प्रतिनिधी उतारवयातला आहे. दोन पिढ्यांना जोडणारा पूल नेहमी एकाच बाजूला कललेला असतो. त्यावरून मोजले, तर नवी पिढी सदैव श्रेष्ठच दिसणार. यादृच्छिक चुका निरीक्षणे वाढवली की एकमेकींना बऱ्याच अंशी छेदतात. अशी एकतर्फी चूक मात्र कितीही निरीक्षणे घेतली तरी जात नाही.

आपापल्या काळात किती पुढे?

यातून एक मार्ग सुचतो. खेळाडूची तुलना दुसऱ्या काळाशी न करता त्याच्या समकालीनांशी करावी आणि तो त्यांच्या किती पुढे होता, ते पाहावे. शिक्षकांना ही पद्धत परिचित आहे. समजा, एका वर्षी वर्गाची सरासरी ६० आणि प्रमाण विचलन १० आहे. एका मुलीला ८० गुण मिळाले. दुसऱ्या वर्षी सरासरी ७० आणि प्रमाण विचलन १५ असताना एका मुलाला ८५ मिळाले. गुण मुलाचे जास्त; पण मुलगी सरासरीच्या दोन विचलने पुढे आहे, मुलगा एकच.

बुद्धिबळात आर्पाद एलो यांची मानांकन पद्धत याच वाटेने जाते. तिच्यात दोघांच्या गुणांतील फरकावरून अपेक्षित निकाल काढतात. फरक २०० असेल, तर वरच्या खेळाडूने १०० डावांत सुमारे ७६ गुण मिळवणे अपेक्षित. पण इथे अर्थ आहे तो फरकाला. सगळ्यांच्या मानांकनात हजार मिळवले, तरी काहीच बदलत नाही! म्हणून ज्या दोन गटांत सामनेच झाले नाहीत, त्यांचे आकडे शेजारी मांडता येतात, पण ताडून पाहता येत नाहीत.

या मापाने जो लुई फार उंच ठरतो. १९३७ ते १९४९ असे जवळजवळ १२ वर्षे त्याने विजेतेपद राखले आणि त्यासाठी २५ आव्हाने परतवली.

मैदानाबाहेर कोण राहिले?

तरीही एक प्रश्न उरतो, आणि तोच सर्वांत गंभीर आहे. ‘समकालीन’ म्हणजे कोण? १९०८ साली जॅक जॉन्सन पहिला कृष्णवर्णीय हेवीवेट जगज्जेता झाला. १९१५ साली तो हरला. त्यानंतर १९३७ साली लुई लढेपर्यंत, म्हणजे २२ वर्षे, एकाही कृष्णवर्णीयाला या किताबासाठी लढू दिले गेले नाही. हॅरी विल्स हा डेम्प्सीचा तगडा आव्हानवीर. त्यांचा सामना कधीच झाला नाही. मग डेम्प्सी आपल्या काळात सर्वांच्या पुढे होता, असे म्हणताना ‘सर्वांच्या’ या शब्दात विल्स येतो का? नमुनाच अपुरा असेल, तर त्यावर केलेले गणित बिनचूक असूनही उत्तर चुकते. यात डेम्प्सीच्या ठोशाचे सामर्थ्य कमी होत नाही. ते पुरते मोजले गेले नाही, एवढेच. आणि विल्सचे तर मोजलेच गेले नाही.

तेव्हा अली श्रेष्ठ की मार्सियानो? निकाल द्यायला आम्ही धजत नाही. पण ‘आमच्या वेळची मुले किती हुशार होती!’ हे वाक्य शिक्षकांच्या खोलीत पुन्हा कानी पडेल, तेव्हा तीन प्रश्न जरूर विचारावेत. मोजपट्टी तीच आहे का? दोन काळांना जोडणारा पूल सपाट आहे का? आणि त्या वेळी वर्गात येऊच न शकलेली मुले किती होती?