फटींचे शास्त्र : आगरोधक दरवाजाविषयीचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

आगरोधक दरवाजा म्हणजे न जळणारा दरवाजा, ही समजूत इतकी रूढ आहे की इमारत बांधणारे आणि तीत राहणारे अशा दोघांच्याही बोलण्यात ती सारखीच आढळते. वस्तुतः या दरवाजाकडून न जळण्याची अपेक्षाच नसते. ठरावीक मिनिटे आग आणि तिच्यासोबतचे तप्त वायू एका बाजूला रोखून धरणे एवढेच काम त्याला नेमून दिलेले असते, आणि ते करताना तो स्वतः जळला, वाकला किंवा पुढे वापरण्याजोगा राहिला नाही, तरी त्याला अपयशी म्हणत नाहीत. उंच इमारत आगीच्या दृष्टीने कप्प्यांत विभागलेली असते; जिना, लिफ्टसमोरची जागा, विजेच्या तारांचा उभा डक्ट, तळघरातील वाहनतळ असे हे कप्पे वेगळे करणाऱ्या भिंतीत माणसांच्या ये-जा करण्यासाठी जी उघडी जागा सोडावी लागते, ती आगीच्या वेळी भिंतीच्या जोडीने टिकून राहावी यासाठी हा दरवाजा असतो. त्याच्याविषयीच्या बहुतेक गैरसमजांचे मूळ एकच आहे : पाहणाऱ्याचे लक्ष झडपेच्या जाडीकडे आणि वजनाकडे जाते, तर दरवाजा निकामी होतो तो बहुधा कडांशी, झडप आणि चौकट यांच्यामधल्या काही मिलिमीटरांच्या फटीत.

दरवाजावरील ‘१२० मिनिटे’ या शिक्क्याचा अर्थ प्रत्यक्ष आगीत तो बरोबर दोन तास टिकेल असा लावला जातो. ही मिनिटे भट्टीतली असतात. चाचणीसाठी पूर्ण आकाराचा दरवाजा त्याची चौकट, बिजागऱ्या आणि कुलूप यांच्यासह एका भिंतीत बसवतात आणि त्या भिंतीने भट्टीची एक बाजू बंद करून आतले तापमान एका प्रमाणित आलेखानुसार वाढवत नेतात. आयएसओ ८३४ या आंतरराष्ट्रीय मानकातील आलेखाप्रमाणे ते तिसाव्या मिनिटाला सुमारे ८४२, साठाव्या मिनिटाला ९४५ आणि एकशेविसाव्या मिनिटाला १०४९ अंश सेल्सिअस असते. प्रत्यक्ष आग असा आलेख वाचून पेटत नाही. लाकडी सामानाच्या खोलीत ती याहून मंद असू शकते, तर पेट्रोलियम पदार्थांच्या आगीसाठी वापरल्या जाणाऱ्या वेगळ्या आलेखात तापमान अर्ध्या तासातच ११०० अंशांच्या जवळ पोहोचते. म्हणून शिक्क्यावरची मिनिटे ही एका दरवाजाची दुसऱ्याशी तुलना करण्याची मापपट्टी आहे. इमारतीतून बाहेर पडायला मिळणाऱ्या वेळेची ती हमी नव्हे.

त्यातही ही मिनिटे नेमकी कशाची, हा प्रश्न खरेदीच्या वेळी फारसा विचारला जात नाही. चाचणीत दोन निकष वेगवेगळे मोजले जातात. पहिला अखंडतेचा, म्हणजे आगीपलीकडच्या बाजूला ज्वाला किंवा पेट घेण्याइतके तप्त वायू येऊ न देण्याचा. तो तपासण्यासाठी फटीजवळ कापसाची गादी धरून ती पेटते का हे पाहतात, ६ आणि २५ मिलिमीटर जाडीच्या सळया फटीत शिरतात का हे पाहतात, आणि पलीकडच्या बाजूला ज्वाला दहा सेकंदांहून अधिक काळ टिकली तर दरवाजा नापास ठरवतात. दुसरा निकष उष्णतारोधनाचा, म्हणजे पलीकडच्या पृष्ठभागाचे तापमान सरासरी १४० अंशांहून आणि कोणत्याही एका ठिकाणी १८० अंशांहून अधिक न वाढू देण्याचा. आत कागदी जाळीचा पोकळ गाभा असलेला पोलादी दरवाजा अखंडतेच्या निकषावर दोन तास टिकू शकतो, पण त्याची मागची बाजू थोड्याच वेळात हात लावता येणार नाही इतकी तापते. जिन्यातून दाटीने उतरणारी माणसे ज्या दरवाजाला घासून जाणार आहेत, तिथे हा फरक केवळ शाब्दिक राहत नाही. ‘दोन तासांचा दरवाजा’ एवढीच नोंद असलेली निविदा त्यामुळे अर्धवट मानली पाहिजे.

लोखंड जळत नाही आणि लाकूड जळते, तेव्हा आगरोधक दरवाजा लोखंडीच हवा, हा युक्तिवाद वरवर बिनतोड वाटतो. लाकडाच्या बाजूने बोलणारी गोष्ट अशी की ते ठरावीक गतीने जळते. मऊ लाकडाचा जळण्याचा वेग मिनिटाला साधारण ०.६५ मिलिमीटर धरला जातो. वरचा थर कोळसा होतो, तो कोळसाच आतल्या लाकडाला उष्णतेपासून काहीसे झाकतो आणि लाकडातील ओलावा वाफ होऊन जाईपर्यंत आतले तापमान शंभर अंशांच्या आसपास अडून राहते. अर्ध्या तासात सुमारे वीस मिलिमीटर लाकूड गेले, तरी ४४ मिलिमीटर जाडीच्या भरीव झडपेत निम्म्याहून अधिक शिल्लक राहते, आणि म्हणूनच ब्रिटनमध्ये तीस मिनिटांसाठी ही जाडी रूढ झाली आहे. पोलाद जळत नसले तरी तापून वाढते, आणि ही वाढ तुच्छ नसते : दर अंशाला दर मीटरमागे सुमारे ०.०१२ मिलिमीटर या हिशेबाने २.१ मीटर उंचीचा पत्रा ८०० अंश तापला तर सुमारे वीस मिलिमीटरने लांबतो. आगीकडचा पत्रा असा लांबत असताना पलीकडचा तुलनेने थंड असल्यामुळे झडप धनुष्यासारखी वाकते आणि कुलपाच्या बाजूचे वरचे व खालचे कोपरे चौकटीपासून सुटू लागतात. लाकडी झडपेत याच्या उलट घडते, कारण आगीकडची बाजू वाळून आकसते. लोखंडी आणि लाकडी दरवाजांतली निवड त्यामुळे जळणे आणि न जळणे यांच्यातली नसून, कोणते विकृतीकरण अभिकल्पकाला काबूत ठेवता येते याची असते. मोठे आकार, दीर्घ मुदत आणि कारखान्यातला दणकट वापर यांसाठी पोलाद सोयीचे, तर घराच्या दारासाठी लाकूडही तितकेच समर्थ ठरू शकते.

या वाकण्याला तोंड देण्यासाठीच पोलादी दरवाजाच्या निर्मितीतील बराचसा खटाटोप असतो. साधारणपणे जस्तलेपित पत्रा मापाप्रमाणे कापून, कुलूप, बिजागऱ्या आणि काचेची खिडकी यांची भोके वाकवण्यापूर्वीच पाडून घेतात, कारण नंतर पाडलेले भोक आतला गाभा उघडा करते. पुढे प्रेसवर पत्र्याच्या कडा दुमडून दोन थाळ्या तयार होतात, बिजागऱ्या आणि दार आपोआप मिटवणारा डोअर क्लोजर जिथे बसणार तिथे आतून जाड पट्ट्या वेल्ड होतात, आणि मधे कागदी जाळी, रॉकवूल किंवा अन्य खनिज पाट यांचा गाभा चिकटवून दोन्ही थाळ्यांच्या कडा एकमेकींत अडकवल्या जातात. दुमडीची ही पकड महत्त्वाची असते, कारण आगीत गोंद लवकर साथ सोडतो आणि त्यानंतर दोन पत्र्यांना एकत्र ठेवण्याचे काम केवळ कडांच्या जोडावर येते. चौकटीचा पोकळ भाग भिंतीत बसवताना सिमेंटच्या गिलाव्याने किंवा रॉकवूलने गच्च भरला नाही, तर कारखान्यात केलेली सगळी मेहनत भिंत आणि चौकट यांच्यामधल्या पोकळीतून निसटते. बांधकामावर घाईच्या वेळी इथे साधा पॉलियुरेथेन फोम फवारण्याची सवय दिसते. तो स्वतःच पेट घेणारा पदार्थ असल्याने, आगीच्या बाबतीत तपासून प्रमाणित केलेला नसेल तर त्याची इथे काहीही मदत होत नाही.

बिजागऱ्या, कड्या आणि कुलपे ही किरकोळ सामग्री समजून स्वस्तातली बसवण्याचा मोह मोठा असतो. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळते आणि चाचणीच्या आलेखात हे तापमान पहिल्या दहा मिनिटांतच ओलांडले जाते, एवढे लक्षात घेतले तरी दोन तासांच्या दरवाजाला भार पेलणारी ॲल्युमिनियमची बिजागरी का चालत नाही हे वेगळे सांगावे लागू नये. काचेचेही तसेच. साधी काच आगीत लवकर तडकते. तारेची जाळी घातलेली काच तडकूनही जागेवर राहते, पण उष्णता अडवत नाही. थरांमध्ये उष्णतेने फुगणारा पारदर्शक पदार्थ भरलेली काच दोन्ही कामे करते आणि किमतीत त्याची वसुलीही करते.

आता ज्या फटीचा वर उल्लेख आला, ती पूर्णपणे बुजवता येत नाही, कारण दार उघडले-मिटले पाहिजे. साधारण तीन मिलिमीटर अंतर ठेवून त्यात उष्णतेने फुगणारी पट्टी बसवतात. ग्रॅफाइटवर आधारलेली अशी पट्टी सुमारे २०० अंशांच्या आसपास फुगू लागते आणि आपल्या मूळ जाडीच्या कित्येक पटींनी वाढून फट भरून टाकते. या पट्टीमुळे धूरही अडतो, हा मात्र सर्वांत घातक गैरसमज म्हणावा लागेल. आगीपासून दूरच्या मजल्यावर पोहोचलेला धूर इतका तापलेला नसतो की पट्टी फुगावी, आणि म्हणून दरवाजा आगीविरुद्ध पूर्ण सज्ज असतानाही त्या तीन मिलिमीटरांतून धूर मोकळेपणाने जात राहतो. त्याला अडवण्यासाठी ब्रश किंवा रबरी पात्याची वेगळी धूररोधक पट्टी लागते आणि तिची चाचणीही वेगळी होते. आगीत माणसे ज्वाळांपेक्षा धुराने अधिक दगावतात, हे ध्यानात घेतले तर या स्वस्त पट्टीकडे होणारे दुर्लक्ष अनाकलनीय वाटते.

धुराचा प्रश्न पट्टीपाशी संपतही नाही, कारण उघड्या दाराला कोणतीच पट्टी उपयोगी पडत नाही. ९ जानेवारी २०२२ रोजी न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागातील ट्विन पार्क्स या १९ मजली निवासी इमारतीत एका सदनिकेतील विजेच्या शेगडीमुळे आग लागली. आग त्या सदनिकेच्या आसपासच मर्यादित राहिली, पण सदनिकेचे दार आणि वरच्या एका मजल्यावरील जिन्याचे दार आपोआप मिटले नाही, धूर जिन्यातून सबंध इमारतीत पसरला आणि १७ जणांचा मृत्यू झाला. दार आपोआप मिटणे बंधनकारक करणारा कायदा त्या शहरात तेव्हा अस्तित्वात होता. महाराष्ट्रातील सोसायट्यांत ‘वारा येत नाही’ म्हणून जिन्याच्या दाराला पाचर किंवा विटेचा तुकडा लावून ते उघडे ठेवण्याची प्रथा दिसते, आणि ती चुकीची असली तरी तिच्यामागची गरज खोटी नाही. तिच्यावर तांत्रिक तोडगा आहे, तो म्हणजे दार उघडे धरून ठेवणारे आणि आगीची सूचना मिळताच सोडून देणारे विद्युतचुंबक.

आपत्कालीन निर्गमनाचे दार आणि आगरोधक दार एकच, हाही एक समज. पहिल्याचे काम माणसांना बाहेर सोडण्याचे आणि दुसऱ्याचे आगीला अडवण्याचे आहे. जिन्याच्या तोंडाशी ही दोन्ही कामे एकाच दाराला करावी लागतात, म्हणून तिथे आतून किल्लीशिवाय ढकलून उघडता येणारी आडवी दांडी लागते. चोरांच्या भीतीने तिथे कुलूप घातले, तर दोन तासांचा उत्तम दरवाजा सापळा बनतो.

राहता राहिले प्रमाणपत्र. भारतात या दरवाजांसाठी भारतीय मानक ब्युरोचे आयएस ३६१४ हे मानक आहे आणि रुरकीच्या केंद्रीय भवन अनुसंधान संस्थेत त्यांच्या चाचण्या होतात. ते प्रमाणपत्र प्रत्यक्षात भट्टीत गेलेल्या त्या एका नमुन्याचे असते. बिजागऱ्यांची संख्या, काचेचा आकार, कुलपाची जात, पट्टीचा प्रकार यांत बदल केला की ते पुढच्या दाराला आपोआप लागू होत नाही. इलेक्ट्रॉनिक कुलपासाठी जागेवर ड्रिलने पाडलेले भोक, फरशी नव्याने घातल्यावर खालून कापलेली झडप, रंगाखाली दडपलेला धातूचा शिक्का, या नेहमीच्या गोष्टींपैकी पहिल्या दोन दरवाजाचा दर्जा घालवतात आणि तिसरी तो सिद्ध करण्याचे साधन घालवते. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ अन्वये आगीविरुद्धची साधने सुस्थितीत असल्याचे परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र दर जानेवारी आणि जुलैमध्ये सादर करण्याची जबाबदारी मालकावर किंवा भोगवटादारावर असते. पण ही तपासणी पंप, होजरील आणि सिलिंडर यांच्याभोवतीच फिरत राहिली, तर दाराचा न मिटणारा क्लोजर तसाच राहून जातो.

नमुना आणि प्रत्यक्ष वस्तू यांतले अंतर किती असू शकते, हे लंडनच्या ग्रेनफेल टॉवरमधील आगीनंतर उघड झाले. १४ जून २०१७ च्या त्या आगीत ७२ जणांचा मृत्यू झाला. पोलिसांनी त्या इमारतीतील एक न जळालेले सदनिकेचे दार चाचणीसाठी भट्टीत घातले, तेव्हा तीस मिनिटांचे म्हणून बसवलेले ते दार सुमारे पंधरा मिनिटांतच निकामी झाले. पुढे त्याच जातीच्या, काचतंतुयुक्त प्लास्टिकचे आवरण असलेल्या इतर उत्पादकांच्या दारांतही दोष आढळले, आणि दोन्ही बाजूंनी पुरेशा चाचण्या झालेल्या नसणे हा त्यांतला एक ठळक दोष होता. खोलीच्या बाजूने टिकणारे दार मार्गिकेच्या बाजूने टिकेलच असे नसते, कारण आगीच्या दिशेनुसार ते वेगळे वाकते. यानंतर ब्रिटिश सरकारने लाकडी दारांच्याही चाचण्या घेतल्या, तेव्हा तपासलेली सर्व लाकडी दारे तीस मिनिटांच्या कसोटीला उतरली. २३ जानेवारी २०२३ पासून इंग्लंडमध्ये ११ मीटरहून उंच निवासी इमारतींतील सामाईक आगरोधक दारे दर तीन महिन्यांनी आणि सदनिकांची प्रवेशद्वारे वर्षातून एकदा तपासणे बंधनकारक झाले आहे. अशा तपासणीत गाभा पाहता येत नाही. फट मोजता येते, पट्टी जागेवर आहे का ते बघता येते, बिजागरीचे सगळे स्क्रू मोजता येतात आणि दार निरनिराळ्या कोनांत उघडून सोडले, तर ते खिटी अडकेपर्यंत स्वतःहून मिटते का हे तपासता येते.