लोखंड आणि दांडा : भाग ६ – सरपणाची कुऱ्हाड

मुक्कामावर न्यायची कुऱ्हाड कशी असावी, हे वर्षातले पाच-सहा महिने मुक्कामावरच काढणाऱ्या माणसांना विचारावं. दिवाळीच्या आगेमागे गेवराई तालुक्यातल्या तलवाड्याच्या बाजूने, तसंच बीड जिल्ह्याच्या जवळजवळ प्रत्येक तालुक्यातून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. पुणे, सातारा, सांगली, कोल्हापूर, पार कर्नाटकातल्या कारखान्यांपर्यंत. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत पिठाची पोती, पत्र्याची पेटी, हंडे, कोपीसाठी (मुक्कामाच्या झोपडीसाठी) बांबू आणि ताडपत्री, शेळी, कोंबड्या, लेकरं असं सगळं बिऱ्हाड चढतं. गेल्या भागात ज्याच्यावर लिहिलं तो कोयता त्यात असतोच. नवरा-बायकोच्या जोडीची मोजणीच ‘एक कोयता’ अशी होते. त्याच्याशेजारी बहुतेक बिऱ्हाडांत एक कुऱ्हाडही असते. तिच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही, कारण ती पैसा मिळवून देत नाही. पण चूल तिच्या जिवावर पेटते, कोपीच्या मेढी तीच तासते, बैलगाडीत कुठे पाचर लागली तर तीही तीच काढून देते.

कोयता हाताशी असताना कुऱ्हाड वेगळी कशाला, असं नवख्या माणसाला वाटतं. उसाचं कांडं रसाळ असतं. त्याला पातळ, रुंद पातं लागतं, ज्याची धार दिवसातून अनेकदा दगडावर ओढून घेता येते. तेच पातं वाळल्या बाभळीवर घातलं की धारेला खांडं पडतात, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे फडात उतरल्यावर प्रत्येक घावाला ती खांडं मनगटाला जाणवतात. लाकडाला धारेपासून मागे जाड होत जाणारं पातं हवं. ते आत शिरतं आणि शिरता शिरता लाकूड दोन अंगांना रेटतं. म्हणून ज्याची रोजी कोयत्यावर आहे तो कोयत्याने सरपण फोडत नाही.

आता निवड. बाजारात कुऱ्हाड निवडतो पुरुष आणि मुक्कामावर ती चालवते बहुतेक वेळा बाई. फडात दिवसभर राबून आल्यावर सरपणाचं आणि चुलीचं काम तिच्याकडेच येतं. तरी कुऱ्हाड घेताना ‘वजनदार असू दे, एका घावात फोडेल’ हाच विचार होतो. मला हा विचार मुळातच चुकीचा वाटतो. घावातली ताकद वजनापेक्षा वेगावर जास्त अवलंबून असते. वजन दुप्पट केलं तर जोर दुप्पट होतो, वेग दुप्पट झाला तर जोर चौपट होतो. थकलेल्या हाताला दीड किलोचं डोकं वेगाने फिरवता येत नाही, ते नुसतं पडतं. सरपणाला सातशे ग्रॅम ते एक किलोचं डोकं आणि दीड ते दोन फुटांचा दांडा पुरतो. जी चालवणार तिनेच ती बाजारात हातात धरून पाहावी. हात खांद्याच्या रेषेत समोर धरून कुऱ्हाड काही क्षण तोलता आली नाही, तर ती तिच्यासाठी जड आहे.

डोक्याचं पोलाद ही दुसरी गोष्ट. आपल्याकडे कुऱ्हाड घडवणारे हात बहुतेक घिसाड्यांचे. पाल ठोकून, भाता लावून गावाच्या कडेला बसणारा हा समाज. पुरुष सांडशीने लाल लोखंड ऐरणीवर धरतो आणि बाई घण घालते, हे मराठवाड्यातल्या कुठल्याही आठवडी बाजारात दिसणारं दृश्य. भात्याच्या जागी आता बऱ्याच ठिकाणी हाताने फिरवायचा पंखा आला आहे. माल मात्र भंगारातूनच निवडला जातो, आणि त्यात ट्रकच्या कमानीचा पाटा सगळ्यात भरवशाचा. त्याचं कारण साधं आहे. कमानीच्या पोलादात कार्बन साधारण अर्धा टक्का किंवा थोडा जास्त असतो, त्यामुळे ते तापवून विझवलं की कडक होतं. बांधकामाच्या साध्या सळईत किंवा पट्टीत कार्बन त्याच्या निम्म्याहूनही कमी. तिला कितीही पाणी पाजा, धार टिकत नाही.

पाणी पाजणं म्हणजे नेमकं काय होतं ते समजलं तर पुढची निगा आपोआप समजते. पोलाद आठशे अंश सेल्सिअसच्या पुढे लालभडक तापलं की त्याची आतली रचना बदलते. या उष्णतेला त्याला चुंबक चिकटत नाही, आणि काही कारागीर तीच खूण धरतात. तेवढ्या तापावरून ते तेलात किंवा पाण्यात झटकन थंड केलं, तर बदललेली रचना तशीच अडकते आणि पोलाद काचेइतकं कडक, पण काचेसारखंच ठिसूळ होतं. म्हणून त्याचा कडकपणा थोडा उतरवावा लागतो. धार घासून चकचकीत करायची आणि मागून हळूहळू ऊब द्यायची. पृष्ठभागावर रंग चढत जातात: सव्वादोनशे अंशांच्या सुमाराला गव्हाच्या काडासारखा पिवळा, मग तपकिरी, जांभळा, आणि तीनशेच्या आसपास निळा. कुऱ्हाडीला मार सोसायचा असतो, तेव्हा तपकिरी-जांभळ्याच्या आसपास थांबलेली धार चांगली. शिवाय पाणी फक्त धारेच्या दोन-तीन बोटं भागाला द्यायचं असतं. नेढं (दांडा बसतो ते भोक) आणि तुंबा (धारेच्या मागची बोथट बाजू) मऊच राहिले पाहिजेत, नाहीतर दणक्याने नेढ्याला तडा जातो.

हे सगळं विकत घेताना कसं कळणार? खिशात एक जुनी बारीक कानस ठेवा. धारेवर ती हलकेच ओढून पाहा. चरचरत थोडं लोखंड निघालं तर पाणी बरोबर. नुसतीच घसरली तर धार फार कडक, गाठीवर तुकडा उडेल. लोण्यात शिरावी तशी शिरली तर पाणीच दिलेलं नाही. मग नेढ्याची भिंत सगळीकडून सारख्या जाडीची आहे ना ते बघा, आणि पट्टी वळवून नेढं केलं असेल तर जोड कुठे मिळवला आहे ते शोधा. लाल-निळ्या रंगात बुडवलेल्या कुऱ्हाडी मी टाळायला सांगेन, कारण तडा लपवायला रंगाइतकं सोपं काही नाही. शंका आली तर घरी तपासता येतं. रॉकेलचा बोळा फिरवायचा, कोरडा पुसायचा आणि वरून खडू घासायचा. तडा असेल तर त्यातलं रॉकेल बाहेर झिरपतं आणि खडूवर ओली रेघ उमटते.

पण खरं सांगायचं तर कुऱ्हाडी पात्यामुळे कमी आणि दांड्यामुळे जास्त वाया जातात. लोखंड आणि लाकूड एकमेकांत घट्ट कसं बसवायचं, हा प्रश्न माणसाला फार जुन्या काळापासून छळतो आहे. आपल्याच गोदावरी-प्रवरेच्या खोऱ्यात, संगमनेरजवळच्या जोर्वे इथे १९५०-५१ मध्ये हसमुख सांकलिया आणि शां. भा. देव यांनी उत्खनन केलं, तेव्हा तीन हजार वर्षांहून जुन्या तांब्याच्या चपट्या कुऱ्हाडी मिळाल्या. त्यांना नेढं नाही. पातं दांड्याच्या खाचेत बसवून बांधायचं. पुढे विदर्भातल्या शिळावर्तुळांमध्ये, नागपूरजवळच्या माहुरझरीसारख्या ठिकाणी, लोखंडाच्या कुऱ्हाडी सापडल्या. त्याही चपट्याच, पण त्यांच्यावर लोखंडाच्या आडव्या-उभ्या पट्ट्या आवळलेल्या. पातं निसटू नये म्हणून त्या लोहारांनी केलेली ती सोय. नेढं पाडून त्यातून दांडा काढण्याची युक्ती आज इतकी अंगवळणी पडली आहे की तिच्या मागचा हा झगडा आपल्या लक्षात येत नाही.

दांड्याला धावडा सगळ्यात सरस. चिवट, लवचिक, दणका गिळणारा. गाड्यांचे आख त्याचे करत ते उगीच नाही. गेवराईच्या काळ्या रानात मात्र धावडा कुठला? तिथे बाभूळ आणि बोर. नीट वाळलेली बाभूळ चांगला दांडा देते. लिंबाचा दांडा करणं सोपं, पण तो लवकर दगा देतो. परदेशी कुऱ्हाडी घेणारे ट्रेकर हिकरीच्या दांड्याचं कौतुक करतात, आणि ते कौतुक रास्त आहे. पण तो मोडल्यावर इथे बदली मिळवणं कठीण. मोडका दांडा ज्या लाकडाने बदलता येईल ते लाकूड आपल्या रानात असावं, हा माझा पहिला निकष.

लाकूड कोणतंही असो, त्याचे रेषे टोकापासून टोकापर्यंत सलग हवेत. रेषा मध्येच अंगाबाहेर पडत असेल तर दांडा नेमका तिथे मोडणार. नेढ्याकडच्या टोकावर वर्षांची वलयं दिसतात. ती पात्याला समांतर असावीत, आडवी नकोत. फांदी तोडून ओल्या लाकडाचा दांडा घालण्याची घाई करू नये. ओला दांडा आज घट्ट बसतो आणि महिन्याभरात आकसतो. सालीसकट सावलीत दोन-तीन महिने वाळू द्यावा आणि मग तासावा. बसवताना दांडा नेढ्यातून बोटभर वर काढावा, त्या टोकाला पाडलेल्या चिरेत लाकडाची पाचर ठोकावी, आणि मग दांड्याच्या बुडावर हातोडीने मारावं. डोकं हवेत असताना दांड्याच्या बुडावर मारलं की डोकं स्वतःच्या जडपणामुळे वर चढत घट्ट होत जातं. शेवटी एका डोळ्याने धारेकडून दांड्याकडे पाहावं. धारेची रेघ आणि दांड्याचा मध्य एका ओळीत यायला हवेत.

दांडा हलायला लागला की कुऱ्हाड रात्रभर पाण्यात बुडवून ठेवण्याची चाल सगळीकडे आहे. कामापुरती ती चालते. पण फुगलेलं लाकूड नेढ्यात दाबलं जातं, त्याचे रेषे चेचतात, आणि वाळल्यावर दांडा आधीपेक्षा सैल होतो. मराठवाड्याच्या एप्रिलमधल्या कोरड्या हवेत तर हमखास. त्यापेक्षा जवसाच्या तेलात नेढ्याकडचं टोक रात्रभर बुडवून ठेवावं आणि सबंध दांड्याला तेच तेल चोळावं. जवसाचं तेल हवेत हळूहळू घट्ट होऊन लाकडात बसतं. करडईचंही तसंच. चामड्याच्या मोटा टिकाव्यात म्हणून करडईचं तेल आटवून त्यांना लावत असत, ते याच गुणामुळे. शेंगदाण्याचं तेल मात्र वाळत नाही. दांडा चिकट आणि निसरडा होतो.

धार लावायला कानस आणि दगड पुरेत. कानस एकाच दिशेने, पुढे ढकलताना दाबून आणि मागे आणताना उचलून. दोन्ही अंगांना सारखे हात. मग दोन तोंडांचा दगड पाण्याने ओला करून गोल गोल फिरवायचा, आधी खरबरीत बाजू, मग मऊ. बाभळीसारख्या कठीण लाकडाला फार पातळ धार करू नये. दोन उतार मिळून साधारण तीस अंशांचा कोन आणि धारेमागे थोडं पोट राखावं. विजेच्या ग्राइंडरवर धार लावून आणणाऱ्यांना कळकळीने सांगतो, धार निळी पडली की पाणी गेलं. ती निळाई घासून जाईल, गेलेला कडकपणा पुन्हा पाणी पाजल्याशिवाय परत येणार नाही. ग्राइंडर वापरायचाच असेल तर दर दोन-तीन क्षणांनी पातं पाण्यात बुडवा, बोटाला चटका बसण्याइतकं तापू देऊ नका.

तुंब्याने लोखंडी खुंटे किंवा पहार ठोकू नये. नेढं हळूहळू पसरतं आणि मग कोणताच दांडा त्यात टिकत नाही.

आखूड दांड्याची कुऱ्हाड लांब दांड्याहून धोक्याची आहे, हे फार थोड्यांच्या लक्षात येतं. लांब दांड्याचा हुकलेला घाव जमिनीत जातो, आखुडाचा नडगीवर येतो. म्हणून सरपण ठोकळ्यावर ठेवून गुडघ्यावर बसून फोडावं. दोन फेकीच्या आत लेकरू नको. वाळलेल्या बाभळीपेक्षा ओली बाभूळ लवकर फुटते, तेव्हा फोडायची ओली आणि जाळायची वाळली, असा क्रम ठेवावा. वेड्या बाभळीचे काटे आधी छाटून घ्यावेत. काय तोडायचं याचंही भान हवं. राज्याच्या १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्याने आंबा, चिंच, मोह, जांभूळ यांसारखी झाडं स्वतःच्या रानातली असली तरी परवानगीवाचून तोडता येत नाहीत. मुक्कामाच्या सरपणाला वाळला फाटा, पऱ्हाट्या, तुराट्या पुरे होतात. काम झालं की धारेवर चिरलेल्या टायर-ट्यूबचा तुकडा बांधावा. ट्रॉलीत माणसं आणि हत्यारं एकत्र जातात, तिथे हा तुकडा फार मोलाचा आहे.

शेवटचं सांगणं मोडलेल्या दांड्याबद्दल. नेढ्यात अडकलेला तुकडा काढायला कुऱ्हाड चुलीत टाकण्याची सवय बऱ्याच घरांत आहे. लाकूड जळून जातं, हे खरं. पण तापलेल्या पात्याचं पाणीही त्याच वेळी उतरतं, आणि ‘ही कुऱ्हाड पहिल्यासारखी राहिली नाही’ म्हणून तिला दोष दिला जातो. तुकडा दोन्ही बाजूंनी कापून घ्यावा, मधोमध दोन-तीन भोकं पाडावीत आणि सळईने ठोकून बाहेर काढावा. काहीच हाताशी नसेल आणि जाळायचंच असेल, तर धारेकडचा भाग ओल्या मातीत गाडून फक्त नेढ्याभोवती निखारे ठेवावेत. आधीच चुलीतून निघालेली कुऱ्हाड टाकून देऊ नये. घिसाड्याकडे न्यावी; पोलाद चांगलं असेल तर तो तिला पुन्हा पाणी पाजून देतो.

पुढच्या आठवड्यात : करवतीचे दात आणि त्यांना धार लावण्याची पद्धत.