लेहचा पहिला दिवस बसून काढा!

ठाणे, कल्याण, डोंबिवलीकडची आपली तरुण मुले आता पाठीवर सॅक टाकून लडाखला निघतात. तेथील विहार पाहावेत म्हणून काही कुटुंबेही पै-पै साठवून जातात. आम्हाला याचा आनंदच आहे. परंतु निघण्यापूर्वी एक गोष्ट सांगणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो. लेहमधला पहिला दिवस फिरण्याचा नव्हे, विश्रांतीचा आहे.

लेह शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ३,५०० मीटर उंचीवर आहे. महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर कळसूबाई १,६४६ मीटरचे. म्हणजे लेहचा बाजारच कळसूबाईच्या दुपटीहून उंच! दक्षिण अमेरिकेतील कुस्को आणि ला पाझ ही शहरेही साधारण याच उंचीची, आणि तेथे उतरणाऱ्या प्रवाशालाही हाच सल्ला दिला जातो. हवेतील प्राणवायूचे प्रमाण तेथेही २१ टक्केच असते. पण हवेचा दाब कमी, म्हणून एका श्वासात आपल्याकडच्या सुमारे दोन-तृतीयांशच प्राणवायू मिळतो. श्रीनगर-कारगिलमार्गे रस्त्याने गेले तर शरीराला सवय व्हायला थोडा वेळ मिळतो. विमानाने जाणारा मात्र खाडीकाठच्या गावातून निघून काही तासांतच तेथे उतरतो.

खरी फसगत पुढेच आहे. उतरल्यावर पहिले काही तास माणसाला काहीच होत नाही. ऊन स्वच्छ, डोंगर समोर. मन म्हणते, चला! डोंबिवलीच्या पुलावर लोकलसाठी रोज धावणाऱ्याला वाटते, आपल्याला काय होणार? पण तरुण वय आणि कसलेले शरीर येथे कामी येत नाही. त्रास बहुधा सहा ते बारा तासांनी, रात्री सुरू होतो. डोके दुखते, मळमळते, झोप लागत नाही.

म्हणून पहिले दोन दिवस जपावे. पाणी प्यावे, हलके जेवावे. दारू आणि झोपेच्या गोळ्या टाळाव्यात. हृदयाचा वा दम्याचा आजार असलेल्यांनी, तसेच गरोदर भगिनींनी, आधी डॉक्टरांना विचारावे. डायमॉक्सची गोळीही त्यांच्याच सल्ल्याने घ्यावी. बसल्या जागी धाप लागली, खोकला वाढला, तोल जाऊ लागला किंवा बोलणे असंबद्ध झाले, तर सकाळची वाट पाहू नये. लगेच इस्पितळ गाठावे. प्राणवायू देणे आणि खाली उतरवणे हाच उपाय. उशीर जिवावर बेततो.

पहिल्या संध्याकाळी बरे वाटत असेल तर बाजारात सावकाश चक्कर मारावी. भेटेल त्याला ‘जुले’ म्हणावे, चोखांग विहारात शांत बसावे. सतराव्या शतकात राजा सेंगे नामग्याल याच्या काळात उभा राहिलेला नऊमजली राजवाडा खालूनच पाहावा. १९९१ साली पूर्ण झालेला शांती स्तूप तिसऱ्या दिवसासाठी ठेवावा. त्याच्या सुमारे पाचशे पायऱ्या आहेत. ५,३०० मीटरहून उंच असलेली खारदुंगला खिंड त्याही नंतर.

सुट्टी मोजकी असते, पैसा कष्टाचा असतो, त्यामुळे एक दिवसही वाया जाऊ नये असे वाटणे साहजिक आहे. पण हा दिवस वाया जात नाही, त्यावरच पुढची सहल उभी असते. घरच्या वडीलधाऱ्यांनी मुलांना एवढेच सांगावे: तिकीट काढताना दोन दिवस जादा धरा.