विश्लेषण : फाळक्यांच्या सात वर्षांच्या लेकीने पडद्यावरचा कृष्ण कसा रंगवला?

गोकुळाष्टमीला कारेगावसारख्या गावांतही चिमुकली पोरे डोक्यात मोरपीस खोचून, हाती बासरी घेऊन कृष्ण होतात. याच खेळावर दादासाहेब फाळके यांनी १९१९ मध्ये ‘कालिया मर्दन’ हा मूकपट काढला. त्यातला कृष्ण म्हणजे त्यांची मुलगी मंदाकिनी.

घरचीच मुलगी का?

नाटक-सिनेमात काम करणे त्या काळी घरंदाज बायकांना शोभणारे समजले जात नसे. ‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) मध्ये तारामती झाले ते अण्णा साळुंके आणि रोहिदासाच्या भूमिकेत होता फाळक्यांचा मुलगा भालचंद्र. अडीअडचणीला घरची माणसे उभी करायची, ही फाळक्यांची जुनी रीत. पत्नी सरस्वतीबाई तर फिल्म धुण्यापासून मंडळींच्या जेवणापर्यंत सारे पाहत. मंदाकिनीने आदल्याच वर्षी ‘श्रीकृष्ण जन्म’मध्ये कृष्ण केला होता. तिथे पुरुष बाई होत होता, इथे मुलगी देव झाली.

या चित्रपटात वेगळे काय?

कथा सुरू होण्याआधी फाळके मंदाकिनीच्या चेहऱ्यावरचे हावभाव दाखवतात. ही सात वर्षांची मुलगी आहे, असे पाटीवर आधीच सांगून टाकतात आणि मग तिला कृष्ण करतात. सोंग उघड करून पुन्हा त्यावर विश्वास ठेवायला लावायचा, हे धाडसच. पौराणिकपटांची भव्यता सगळेच सांगतात. मला मात्र ही सुरुवात अधिक मोलाची वाटते.

पुढचा बराच भाग निव्वळ खोड्यांचा. गावातल्या एका बाईने अपमान केला म्हणून कृष्ण सवंगड्यांसह तिच्या घरचे लोणी पळवतो आणि मंडळी पकडली जातात. एका रात्री तो श्रीमंत व्यापाऱ्याच्या शयनगृहात शिरून त्याची दाढी बायकोच्या केसांना बांधतो. अखेर गाऱ्हाणी नंद-यशोदेकडे जातात. इथवर हा कोणत्याही गल्लीतल्या द्वाड पोराचा सिनेमा आहे.

मग यमुनेतला कालिया. एकीकडे पाण्यातली झुंज, दुसरीकडे काठावर जीव मुठीत धरून बसलेले गोकुळ, अशी दृश्ये फाळके आलटून पालटून दाखवतात. पोर वर येईल ना, ही धास्ती संवादाविना कळते. कॅमेऱ्यामागे तिचे वडीलच आहेत, हे ठाऊक असले की ती आणखी जाणवते.

आज तो पाहता येतो का?

मूकपटांच्या काळातले बहुतेक भारतीय चित्रपट नष्ट झाले. फिल्म नायट्रेटची, चटकन पेट घेणारी. जपण्याची सोय नाही, आणि बोलपट आल्यावर जुन्या रिळांना विचारतो कोण? पुण्यात १९६४ मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले. तेथे पी. के. नायर यांनी फाळक्यांच्या उरल्यासुरल्या रिळांचा माग काढून ती जपली. ‘कालिया मर्दन’ची पन्नासेक मिनिटे त्यामुळे शिल्लक आहेत. मंदाकिनीचे ते सुरुवातीचे हावभावही त्यात आहेत.