प्लॉट घेताना पायांचाही विचार करा

गेल्या महिन्यात एक निवृत्त शिक्षक दवाखान्यात आले. माझे जुने पेशंट. पेठेतले घर विकून त्यांनी बायपासपलीकडे ऐसपैस बंगला बांधला. दोन वर्षांत वजन सात किलो वाढले, उपाशीपोटीची साखर १८० वर गेली. खाणे तेच, गोळ्या त्याच. मग बिघडले कुठे?

"डॉक्टर, पूर्वी मंडई, वाचनालय, स्टँड, सगळीकडे पायीच जायचो. आता दुधाच्या पिशवीलाही मुलगा गाडी काढतो."

जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम सांगते. भरभर चालणे त्यातच आले. पेठेत गुरुजींचा तो आपोआप होत होता.

ब्राझीलमधील कुरितिबा शहराने १९७४ साली बसगाड्यांसाठी रस्त्याच्या मधोमध वेगळी वाट राखली. उंच इमारतींना परवानगी दिली ती मुख्यतः त्याच रस्त्यांलगत. जैमे लर्नर हे वास्तुविशारद तेव्हा तिथले महापौर होते. हेतू वाहतुकीचा, पण बसने जाणारा माणूस दोन्ही टोकांना चालतोच! आपल्याकडे आधी प्लॉट पडतात, बसचे नंतर बघू. (मीही असाच एक घेऊन ठेवला आहे.)

वाचकहो, इसार देण्यापूर्वी प्लॉटपासून थांबा, किराणा दुकान आणि शाळा पायी गाठून पाहा. सोबत आईवडिलांना न्या.

गुरुजींच्या गोळ्या वाढवल्या. चिठ्ठीवर आणखी एक ओळ लिहिली : कॉलनीच्या सह्या घेऊन बसथांब्यासाठी अर्ज द्यावा. अर्ज द्यायला ते चालत गेले.